भीमेचे पाणी आणि आमिषाचा रंग



ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हटले की लेखणी बहुधा कुळांच्या उत्पत्तिकथांकडे, जुन्या सनदांकडे किंवा पालखीच्या मानाकडे वळते. त्या विषयांची थोरवी मान्य करूनही एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा असावी. तो विषय म्हणजे गळाला लावावयाचे आमिष, त्याचा रंग, आणि ज्या पाण्यात तो गळ सोडावयाचा त्या पाण्याचा रंग. काही वाचकांना हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु भोयांच्या अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या विद्येवर पोट भरले ती विद्या क्षुल्लक मानावयाची असेल, तर मग इतिहास म्हणावयाचे तरी कशाला, हा प्रश्न उरतोच.

आज सोलापुरात किंवा भिगवण-इंदापूरकडे मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात गेले, तर पारदर्शक डब्यांत मांडलेली लाल, पोपटी, रुपेरी, काळी अशी नाना रंगांची कृत्रिम आमिषे दृष्टीस पडतात. आपले तरुण त्यांतील आकर्षक असेल ते उचलतात. रंग माणसाच्या डोळ्यांना भुलविण्यासाठी आहे की माशाच्या, याचा विचार क्वचितच होतो. आमिषाचा रंग दुकानात ठरत नाही, तो पाण्यात ठरतो. हे एक सूत्र ध्यानात धरून आपण या विद्येचा मागोवा घेऊ. ती कोणी लिहून ठेवली आणि कोणाची लिहावयाची राहून गेली, हेही त्या ओघात स्पष्ट होईल.

प्रथम आपल्या नदीचाच विचार करू. भीमा उगम पावते सह्याद्रीत, भीमाशंकराच्या डोंगरावर. तेथे पाऊस धो धो कोसळतो. सोलापूर जिल्हा मात्र पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे आपल्या शिवारात ढेकूळही भिजलेले नसताना नदी दुथडी भरून वाहताना आपल्या वाडवडिलांनी अनेकदा पाहिली आहे. वाटेत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्यांचे पाणी तिला मिळते. नरसिंहपूरला नीरा येते. पुढे माण येते, आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे सीना येऊन मिळते. याच संगमावरील मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हे स्थळ मराठी भाषेच्या इतिहासात महत्त्वाचे आहे, तसेच दोन नद्यांचे दोन परींचे पाणी एकाच ठिकाणी न्याहाळण्याचेही ते स्थळ आहे.

पाण्याच्या या दशांना आपल्या भाषेत नावे आहेत. आषाढी वारीच्या सुमारास पूर आला की पाणी गढूळ होते. काळ्या रानाची माती आणि मुरूम यांनी ते इतके दाट होते की ओंजळीतले पाणीही पारदर्शक दिसत नाही. दसऱ्यानंतर पूर ओसरतो आणि पाणी निवळू लागते. कार्तिकीपर्यंत ते बऱ्याच ठिकाणी नितळ होते, तळाची वाळू दिसू लागते. उन्हाळ्यात प्रवाह तुटून डोह उरले की त्यांत हिरवे, शेवाळी पाणी साचते. गढूळ, निवळते, नितळ आणि शेवाळी अशी ही चार पाणी झाली. यांत रात्रीचे पाणी मिळविले म्हणजे पाच. गळ टाकणाऱ्याचे सारे पंचांग या पाचांत सामावलेले आहे.

आता लिखित इतिहासाकडे वळू. गळाच्या विद्येविषयी भारतातील अत्यंत महत्त्वाचा प्राचीन लेख आपल्या शेजारीच निर्माण झाला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या मार्गाजवळचे बसवकल्याण हे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होते. सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, म्हणजे शंभर अध्याय असलेल्या या ग्रंथात राज्यकारभार, पाककला, संगीत, हत्ती-घोडे अशा असंख्य विषयांची माहिती आहे. संगीताच्या भागात मराठी पदेही असल्यामुळे मराठीचे अभ्यासक या ग्रंथाकडे आदराने पाहतात. याच शतकात सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला. म्हणजे राजधानीत मासे धरण्याचे शास्त्र लिहिले जात असता येथे त्यांच्यासाठी पाणी साठविले जात होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मानसोल्लासाच्या विनोदविषयक भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचा अध्याय आहे. त्यात समुद्रातील व नदीतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे अशा भेदांनी सुमारे ३५ प्रकारच्या माशांचा विचार केला आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, मासे एका जागी यावेत म्हणून त्यांना आधी कसे चारावे, दोरी व काठी कशी असावी, हे विषय त्यात येतात. त्या अध्यायाचा सारा भर आमिषाच्या खाद्यगुणावर आहे. मासा आधी ओळखावा, त्याची भूक ओळखावी आणि मग गळ टाकावा, ही त्यामागची दृष्टी आहे. हा अध्याय दीर्घकाळ केवळ संस्कृतज्ञांनाच ठाऊक होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी ग्रंथाचे संपादन केले, आणि भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर स्वतंत्र निबंध लिहून मत्स्यशास्त्रज्ञांपुढे तो आणला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. राजा गळ टाकी तो विनोद म्हणून. परंतु माशांच्या सवयींचे इतके बारीक ज्ञान राजवाड्यात बसून होत नाही. ते ज्ञान रोज पाण्यात उतरणाऱ्यांकडूनच आले असले पाहिजे. ग्रंथावर नाव मात्र राजाचे आहे. राजाने ते टिपून ठेवले म्हणून ते नऊशे वर्षे टिकले, याबद्दल आपण त्याचे ऋणीच राहू.

आमिषाच्या रंगाचा लेखी इतिहास पाहण्यासाठी आपल्याला काही काळ देशाबाहेर जावे लागते. इ. स. २०० च्या सुमारास रोमन जगातील लेखक एलियन याने मॅसिडोनियातील कोळ्यांची एक युक्ती नोंदविली आहे. तेथील नदीतले मासे पाण्यावर घोटाळणारी एक माशी खात. ती माशी इतकी नाजूक की गळाला लावता येत नसे. म्हणून ते कोळी गळाला तांबड्या लोकरीचा धागा गुंडाळीत आणि त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधीत. नुसत्या रंगाने व आकाराने मासा फसविण्याचा हा फार जुना लेखी दाखला होय. त्यानंतर १४९६ साली इंग्लंडात छापल्या गेलेल्या एका लहानशा गळग्रंथात वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांसाठी बारा प्रकारच्या बनावट माश्या सांगितल्या आहेत. तेथे रंग ऋतूवरून ठरविला आहे. मॅसिडोनियात जे एका माशीपुरते होते त्याला येथे पंचांगाचे रूप आले.

धातूच्या चमच्याचा उदय त्याहून अलीकडचा. अमेरिकेतील ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट मिळविले. तरुणपणी त्याच्या हातून चमचा तलावात पडला आणि बुडताना चकाकणाऱ्या त्या चमच्यावर मासा झेपावला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तत्त्व खरे आहे. रुपेरी पत्रा पाण्यात फिरला की लहान माशाच्या कुशीसारखा लकाकतो आणि शिकारी मासा त्यावर धावतो. हा चमचा लौकरच हिंदुस्थानात आला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघाले, आणि तलावातील गळमारीवरचे त्यांचे दुसरे पुस्तक १८८७ साली. महसीर नावाच्या बलाढ्य माशासाठी पितळी, तांब्याचे व रुपेरी चमचे वापरण्याची प्रथा त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत रूढ झाली. मात्र पूर ओसरून पाणी निवळेपर्यंत ते थांबत, कारण गढूळ पाण्यात चमचा चकाकतच नाही. चकाकण्यासाठी वरून ऊन थेट पोहोचावे लागते. याचा अर्थ असा की चमच्याचा गुण पाण्याच्या निर्मळपणावर अवलंबून होता, आणि हे त्या साहेबमंडळींनाही अनुभवानेच उमगले होते.

महसिराचा उल्लेख आला म्हणून आपल्या खोऱ्यातील एका मोठ्या घटनेकडे वळू. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांवर निबंध लिहून तो १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे मांडला. भीमेच्या खोऱ्यातील अनेक मासे शास्त्रीय जगाला प्रथम या निबंधामुळे ज्ञात झाले. विशेष हे की साइक्सने त्यांपैकी अनेकांना लॅटिन वा ग्रीक नावे न देता येथल्या बोलीतलीच नावे दिली. दख्खनी महसिराचे शास्त्रीय नाव आजही ‘टोर खुद्री’ असे आहे. ‘नुक्ता’, ‘बोगट’, ‘कोलस’, ‘मुसुल्ला’, ‘रोहती’ हे सर्व शब्द जगभरच्या मत्स्यग्रंथांत आज आढळतात. ते कोणत्याही लॅटिन कोशातले नाहीत. नदीकाठच्या मच्छीमारांनी साइक्सला मासा दाखविला, त्याचे नाव सांगितले, आणि ते नाव दोन शतके होत आली तरी टिकून आहे. लंडनच्या संग्रहालयातील बाटलीवर आपल्या घाटावरचा शब्द लिहिलेला असावा, याचा रास्त अभिमान आपण बाळगला पाहिजे.

परंतु त्याच वेळी एक उणीवही जाणवते. नावे टिकली, पण त्या माशांना धरण्याची विद्या टिकली नाही. खुद्री कोणत्या पाण्यात कोणत्या आमिषाला येतो, नुक्ता डोहात केव्हा उतरतो, हे त्याच लोकांना ठाऊक होते. पण ते विचारून सविस्तर लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. पुढे फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावर सरकारला अहवाल सादर केला. त्यासाठी जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्याकडून प्रश्नोत्तरे मागविली गेली. जाळ्यांचे प्रकार, माशांचा नाश, बाजारभाव हे विषय त्यांत आले. कालांतराने १८९७ साली मत्स्य अधिनियम होऊन सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारण्यास बंदी झाली. हे सर्व हिताचेच झाले. तथापि आमिषाची बारकाई कचेरीच्या कागदावर उमटली नाही. उमटणार तरी कशी? ती हातांत होती, कागदावर कधी आलीच नव्हती.

आता ही विद्या शास्त्राच्या कसोटीवर किती उतरते ते पाहू. माशाला रंग दिसतो काय, हाच मुळात वादाचा विषय होता. जर्मनीत एका नामांकित नेत्रतज्ज्ञाने मासे रंगांध असतात असे प्रतिपादन केले होते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत कार्ल फॉन फ्रिश या तरुण शास्त्रज्ञाने लहान माशांना विशिष्ट रंगाजवळ खाद्य देण्याची सवय लावली. नंतर खाद्य न ठेवताही मासे त्या रंगाकडे जाऊ लागले, आणि तितक्याच उजळ करड्या छटांना फसले नाहीत. माशांना रंग ओळखता येतो हे त्यामुळे सिद्ध झाले. १९३० नंतरच्या दशकात जॉर्ज वॉल्ड याने दाखविले की गोड्या पाण्यातील अनेक माशांच्या डोळ्यांतील रंगद्रव्य समुद्रातील माशांहून निराळे असून ते तांबड्या बाजूच्या प्रकाशाला अधिक अनुकूल असते. नदी-तळ्यांच्या पाण्यात बहुधा पिवळा-तांबूस प्रकाशच खोल उतरतो, हे ध्यानात घेता निसर्गाची ही योजना सार्थ वाटते.

पाण्याचे काय? १९२१ साली समुद्रप्रवास करीत असता चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी समुद्राच्या निळ्या रंगाचे कारण शोधावयास घेतले, आणि पाण्याचे कण स्वतःच प्रकाश विखुरतात हे दाखवून दिले. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. काही मीटर खोलीवर तांबडी वस्तू तांबडी न दिसता मळकट काळी दिसते. निळा-हिरवा प्रकाश अधिक खोल जातो. गढूळ पाण्यात उलट घडते. मातीचे कण व कुजका पाला निळा प्रकाश आधी खातात आणि जो थोडा प्रकाश उरतो तो पिवळट-तांबूस असतो. शेवाळी पाण्यात हरितद्रव्य निळा व तांबडा असे दोन्ही टोकांचे रंग खाऊन टाकते आणि मधला हिरवट प्रकाश तेवढा उरतो. एकच आमिष या तीन पाण्यांत तीन निराळ्या रंगांचे होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या नियमांवरून आणि गळ टाकणाऱ्यांच्या सर्वत्रच्या अनुभवावरून व्यवहारात पुढील निष्कर्ष निघतात. नितळ पाण्यात मासा दुरून पाहतो आणि निरखून पाहतो. तेथे आमिष लहान, नैसर्गिक रंगाचे असावे. रुपेरी, फिक्या करड्या, पाठीवर किंचित हिरवट अशा छटा येथे शोभतात, आणि ऊन असेल तर रुपेरी चमचा काम करतो. तंगूसही बारीक हवा, कारण मासा तोही पाहतो. ढगाळ दिवशी रुपेरीपेक्षा पितळी झाक बरी. निवळत्या पाण्यात, म्हणजे पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत, पिवळा, नारिंगी व पितळी रंग उपयोगी पडतात, कारण तोच प्रकाश तेथे उरलेला असतो. गढूळ पाण्यात दोनच मार्ग. एक तर झगझगीत पिवळा-पोपटी किंवा नारिंगी रंग, नाही तर निखळ काळा. रंगाची नजाकत तेथे व्यर्थ आहे. आमिषाची आकृती ठसठशीत दिसावी, ते आकाराने मोठे असावे आणि पाण्यात थरथरावे, एवढेच पाहावयाचे. शेवाळी पाण्यात हिरवे आमिष हिरव्यात लपून जाते. तेथे पांढरे, फिके पिवळे किंवा अगदी गडद आमिष उठून दिसते. रात्री मासा खालून आकाशाच्या अंधुक उजेडाकडे पाहतो आणि त्याला केवळ छाया दिसते. म्हणून रात्री काळे आमिष पांढऱ्यापेक्षा सरस ठरते. प्रथम ऐकणाऱ्याला हे विपरीत वाटते, परंतु दिवेलागणीनंतर आभाळाकडे पाहावे. उडणाऱ्या वटवाघळाचा रंग दिसत नाही, आकार मात्र स्वच्छ दिसतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की आपले पूर्वज गांडूळ, बेडूक आणि कणकेचा गोळा यांवर मासे धरीत, त्यांना रंगाशी काय कर्तव्य? हा आक्षेप विचारार्ह आहे. वाम किंवा मिशाळ मासे वासावर आणि मिशांच्या स्पर्शावर शिकार शोधतात. त्यांच्यासाठी गढूळ पाण्यात, विशेषतः रात्री, गांडुळाइतके उत्तम आमिष नाही, आणि त्याचा रंग कोणताही असला तरी फरक पडत नाही. रोहूसारख्या माशाला पिठाचा वास ओढतो. परंतु मरळ हा डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे. तो कडेच्या गवतात, उथळ पाण्यात दबा धरून बसतो आणि पाण्यावरून सरकणारा बेडूक पाहून झेप घेतो. त्याला बेडूक लावण्याची रीत जुनी आहे. बेडकाचे पोट फिके असते. खालून पाहणाऱ्या मरळीला पाठीचा हिरवा रंग दिसत नाही, पोट व हालचाल दिसते. आज बाजारात मिळणारा रबरी बेडूक घेताना आपला तरुण त्याच्या पाठीवरची नक्षी पाहतो. त्याने त्याला उलटा करून पोट पाहावे.

म्हणजे पूर्वजांनी रंगाचा विचार केला नाही असे नव्हे. कोणत्या पाण्यात डोळ्यांना भुलवावयाचे आणि कोणत्या पाण्यात नाकाला, हा रंगाच्याही आधीचा विचार त्यांनी केला होता. रंग लपविण्याची विद्याही त्यांच्यापाशी होती. सुताची व तागाची जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडविण्याची चाल किनाऱ्यावर व नदीकाठी होती. त्यामुळे सूत कुजत नसे आणि पांढरे सूत तपकिरी होऊन पाण्यात कमी दिसे. आमिष दिसावे आणि जाळे दिसू नये, ही दोन्ही टोके ज्याला सांभाळता येतात त्याला पाण्याचा रंग कळतो असेच म्हणावे लागेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनचे सूत आले आणि सालीच्या काढ्याची चूल विझली. सोय झाली हे खरे. त्यासोबत एक ज्ञानही गेले.

मात्र सूत बदलण्यापेक्षा मोठा बदल पाण्यात झाला. सोलापूरजवळ हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ साली पूर्ण झाला आणि वाहत्या पाण्याच्या मच्छीमारांना साठलेल्या पाण्याची ओळख झाली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९८० साली, माढा तालुक्यात उजनीचे धरण पूर्ण झाले आणि भीमेचा यशवंतसागर झाला. त्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर, दौंड या तालुक्यांत दूरवर पसरला. अनेक गावे उठली, घाट बुडाले, डोह बुडाले. ज्या डोहांची नावे व खोली घराघरांतून सांगितली जात होती ते डोह आता कित्येक पुरुष पाण्याखाली आहेत. नवे जलाशय निर्माण झाले तसे नवे मासेही आले. गंगेच्या खोऱ्यातील कटला-रोहूचे बीज सोडले गेले. आफ्रिकेतील चिलापी १९५२ साली भारतात आली होती. आज उजनीकाठच्या बाजारात तिचेच राज्य आहे. साइक्सला दाखविलेल्या देशी माशांपैकी अनेक दुर्मिळ झाले.

पाण्याचा रंगही पालटला. पूर्वी गढूळ, निवळते, नितळ असा ऋतुक्रम होता. आता धरणात गाळ बसतो, आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी नद्यांवाटे उतरते. त्यातील पोषकद्रव्यांनी शेवाळ माजते आणि उन्हाळ्यात जलाशयाचा मोठा भाग हिरवागार दिसतो. आजोबांनी ज्या महिन्यात नितळ पाणी पाहिले त्याच महिन्यात नातू हिरवे पाणी पाहतो. त्यामुळे आजोबांनी सांगितलेले आमिष त्याला निरुपयोगी वाटते आणि तो म्हणतो की जुन्या लोकांना काही कळत नव्हते. वास्तविक आजोबांचे ज्ञान त्या महिन्याचे नव्हते, त्या पाण्याचे होते. महिना तोच राहिला आणि पाणी बदलले. विद्या महिन्याला बांधून ठेवली तर ती मरते. पाण्याला बांधली तर आजही उपयोगी पडते. या लेखातील प्रतिपादन एवढेच आहे.

म्हणून समाजापुढे एक सूचना नम्रपणे मांडतो. १८६५ साली इटालियन धर्मगुरू व खगोलवेत्ते आंजेलो सेक्की यांनी भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. जगातील जलशास्त्रज्ञ अद्यापि त्याच साध्या रीतीने पाण्याची पारदर्शकता मोजतात. यास मोठे यंत्र लागत नाही. घरातील वीतभर रुंदीची पांढरी थाळी, तिला एक वजन आणि गाठी मारलेली दोरी पुरे. भीमा, सीना, नीरा, माण या नद्यांच्या आणि उजनी, एकरूख या जलाशयांच्या काठी राहणाऱ्या आपल्या प्रत्येक गावी एका घराने एक वही घालावी. तीत तिथी, पाण्याचा रंग, थाळी दिसेनाशी झाल्याची खोली, लावलेले आमिष व त्याचा रंग, आणि मिळालेला मासा यांची नोंद ठेवावी. माशाचे नाव मात्र आपल्या बोलीतलेच लिहावे. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींकडे हे काम सोपविले तर लेखन होईल, आणि आजोबांशी चार शब्द बोलणेही होईल. घरातील स्त्रियांचाही यात मोठा वाटा असावा. बाजारात मासा विकणाऱ्या माउलीला कोणत्या ऋतूत कोणता मासा अधिक येतो हे जितके ठाऊक असते तितके गळ टाकणाऱ्यालाही नसते.

नोंद ठेवताना एक मर्यादाही पाळावी. पावसाळ्याच्या तोंडी अंड्यांनी भरलेले मासे वरच्या पाण्याकडे धावतात. कोकणात त्याला वलगण म्हणतात. त्या दिवसांत ते हाती सहज लागतात, पण तेव्हा धरलेली एक गाभोळीची मादी म्हणजे पुढल्या वर्षीचे रिकामे जाळे होय. त्या दिवसांत थाळी सोडून पाणी मोजावे आणि गळ घरीच ठेवावा.

अशा वह्या पाच वर्षे नेमाने भरल्या आणि मंडळाने त्या एकत्र केल्या, तर या जिल्ह्याच्या पाण्याचा जो इतिहास कोणत्याही कचेरीत नाही तो आपल्या हाती येईल. नदी केव्हा निवळते, केव्हा हिरवी पडते, कोणता देशी मासा कोणत्या डोहात अजून तग धरून आहे, हे तीतून कळेल. मग पाण्याच्या प्रदूषणाविषयी किंवा तलावाच्या ठेक्याविषयी अधिकाऱ्यांपुढे बोलताना आपल्यापाशी केवळ गाऱ्हाणे नसेल, पुरावाही असेल. सोमेश्वराने आपल्या विद्येला संस्कृतात आसरा दिला. साइक्सने आपल्या माशांची नावे लंडनला नेली. आता आपल्याच लेकरांनी आपल्याच अक्षरांत उरलेले लिहावे. पुढील स्मरणिकेच्या संपादकांकडे निदान दहा गावांच्या वह्या पोहोचाव्यात, अशी इच्छा व्यक्त करून आणि सर्व समाजबांधवांस सुखसमृद्धी चिंतून हा लेख येथे पुरा करतो.